मुलांच्या हातचा छापखाना

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी खानापूर तालुक्यातील एका लहानशा गावी माझे जाणे झाले. एका आप्ताच्या घरी बाप्तिस्मा होता. दुसऱ्या दिवशी गावच्या प्राथमिक शाळेत पालकांची सभा होती आणि यजमान म्हणाले, "चला, तुम्हीही बसा, एके काळी मास्तरकी केली आहे, चार शब्द सांगा." अशा सभांत पाहुण्याने चार शब्द सांगण्यापेक्षा चार शब्द ऐकावेत हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाक पहिलीच्या मुलांचा होता. त्यामुळे माझे गुडघे हनुवटीपाशी आले होते हे ओघाने आलेच.

शाळेत शिक्षिका दोन आणि मुले पंचविसाच्या आत. वर्गाच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होते. कुवेतला नोकरी करणाऱ्या गावच्याच एका सद्गृहस्थांनी शाळेला संगणक भेट दिला होता, तो ह्या कपाटात होता. आठ महिन्यांपूर्वी तो आला तेव्हा फादरांनी आशीर्वाद दिला, हार झाले, छायाचित्र निघाले. आणि मग थोरल्या बाईंनी त्यावर भरतकामाचा रुमाल घालून कपाटाला कुलूप लावले. किल्ली बाईंच्या पिशवीत. बाईंना दोष देऊ नये. "मोडले तर भरून कोण देणार?" असे त्यांनी सभेत सरळ विचारले, आणि त्या प्रश्नाला कोणापाशीच उत्तर नव्हते.

सभा तापली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. तिसरीतल्या एका मुलाचे वडील उठून म्हणाले, की शहरातल्या शाळेत प्रत्येक वर्गात पडदा आहे, बटण दाबले की सगळे जग दिसते. तेव्हा येत्या वर्षी मुलाला आपण तिकडे घालणार. आणखी दोघा-तिघांनी माना हलवल्या. चार घरांतली सहा-सात मुले गेली तर दुसऱ्या बाईंची जागा राहणार नाही आणि मग शाळाही फार दिवस राहणार नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होते. कोणी काही बोलेना. तेवढ्यात दाराशी बसलेली एक वृद्धा म्हणाली, "सगळं जग दिसतं म्हणतोस, तर त्यात आमची पोरं दिसतील काय रे?"

लोक हसले. मला हसू आले नाही. शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच खेड्यातल्या तरुण शिक्षकापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि त्याने तो यंत्र कपाटात ठेवून नव्हे, तर यंत्र मुलांच्या हाती देऊन सोडवला होता. त्या सभेत मी जे मोडकेतोडके सांगितले, ते येथे जरा सविस्तर सांगतो.

त्या शिक्षकाचे नाव सेलेस्तँ फ्रेने. जन्म १८९६, दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातील गार्स नावाच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. शिक्षकाचा अभ्यासक्रम चालू असतानाच पहिल्या महायुद्धाने त्याला ओढून नेले. १९१७ साली त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली आणि पुढे कित्येक महिने दवाखान्यांत गेले. १९२० च्या जानेवारीत तो बार-स्युर-लू ह्या डोंगरी गावी प्राथमिक शाळेत रुजू झाला तो अर्ध्या श्वासाचा माणूस म्हणून. धुळीने भरलेल्या वर्गात तास-दोन तास बोलले की त्याला दम लागे. त्या काळच्या शाळेत मास्तरने बोलावे आणि मुलांनी हाताची घडी घालून ऐकावे, एवढाच काय तो व्यवहार असे. आणि ज्याला बोलताच येत नाही त्या मास्तरने करावे तरी काय?

फ्रेने मुलांना घेऊन वर्गाबाहेर पडू लागला. गावात विणकर होता, लोहार होता, ओढ्याकाठी शेते होती, उतारावर कडू संत्र्याची झाडे होती. ह्या झाडांची फुले जवळच्या ग्रास शहरी अत्तरासाठी जात. मुले हे सर्व पाहत, हाताळत, प्रश्न विचारत, आणि परत आल्यावर जे पाहिले त्याविषयी बोलत. त्यांचेच बोलणे फ्रेने फळ्यावर लिही आणि तोच त्या दिवशीचा वाचनपाठ होई. ज्या मुलाला पाठ्यपुस्तकातली ओळ वाचताना घाम फुटे, ते मूल आपल्याच तोंडचे वाक्य फळ्यावर पाहून घडाघडा वाची. पण संध्याकाळी फळा पुसावा लागे. पुस्तकातला मजकूर मात्र, कितीही नीरस असला, तरी छापलेला असल्यामुळे टिके. फ्रेनेला हे लागून राहिले. छापलेल्या शब्दाचा मान मुलांच्या शब्दाला का मिळू नये?

१९२४ च्या सुमारास त्याने एक लहानसा हातछापखाना मिळवला. शिशाचे खिळे, ओळ जुळवायची पट्टी, शाईचा रूळ आणि दाब देण्याची लाकडी चौकट. एका टेबलावर मावेल एवढाच सारा पसारा. हे शाळेसाठी केलेले यंत्र नव्हतेच. वर्गात ते मावेल का, मुलांना जमेल का, ह्याची खात्री कोणालाही नव्हती. मुलांना ते जमले, एवढेच नव्हे, तर त्यांनी त्याचा ताबा घेतला.

काम कसे चाले ते पाहण्याजोगे आहे. मुले आपापल्या मनाने लिहीत. विषय मास्तर देत नसे, लिहिण्याची सक्तीही नसे. लिहिलेले वर्गात मोठ्याने वाचायचे. मग सर्वांनी हात वर करून एक मजकूर निवडायचा. निवडलेला मजकूर फळ्यावर येई आणि सगळा वर्ग तो नीट करी: हे वाक्य दोनदा आले आहे, येथे काय म्हणायचे ते कळत नाही, ह्या शब्दाचे शुद्धलेखन असे नाही. त्यानंतर मुले आपापसांत ओळी वाटून घेत आणि प्रत्येक जण आपल्या ओळीचे खिळे जुळवी. ज्यांनी छापखाना जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते. एकेक अक्षर बोटांनी उचलून, ओळखून, शेजारच्याला खेटून ठेवावे लागते. आठ वर्षांच्या मुलाला शब्दातले प्रत्येक अक्षर इतक्या आदराने पाहायला लावणारी दुसरी युक्ती माझ्या माहितीत नाही. मग एक मूल शाई लावी, एक कागद ठेवी, एक दाब देई, एक ओली प्रत सुकायला टांगी. आणि चूक राहिलीच, तर ती मास्तरच्या तांबड्या शाईने एका वहीत नव्हे, तर सगळ्याच्या सगळ्या प्रतींत उमटे. तिला कोणी शिक्षा करीत नसे. ती स्वतःच शिक्षा होती.

गोगलगायींच्या शर्यतीचा प्रसंग ह्या वर्गाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मुलांनी गोगलगायी धरून आणल्या आणि त्यांची शर्यत लावली. पाठ बाजूला राहिला, आरडाओरडा झाला. दुसरा एखादा मास्तर छडी उगारता. फ्रेनेने ती शर्यत पाहिली आणि मुलांना ती लिहायला सांगितले. पाठ्यपुस्तकात पुढचा धडा कशावर होता, हे आता कोणालाही आठवत नाही.

आपल्या भागातील वाचकांना छापखान्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच, सेंट पॉल कॉलेजात चालू झाला. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे मराठीतले क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच हाताशी नव्हते. भाषा आपली आणि अक्षरे दुसऱ्याची, ही स्थिती आपल्या पूर्वजांनी भोगलेली आहे. असो. आपण फ्रान्सकडे परत जाऊ.

छापलेले कागद वाचणार कोण? प्रत्येक मुलाला एक प्रत, तिचे पुढे जीवनाचे पुस्तक म्हणून बाड होई. एक प्रत घरी. परंतु घरच्यांना गोगलगाय ठाऊकच असते. खरा वाचक तो, ज्याला आपले गाव ठाऊक नाही. असा वाचक फ्रेनेला फ्रान्सच्या अगदी दुसऱ्या टोकाला, ब्रितानीच्या समुद्रकाठी सापडला. त्रेगंक येथील रने दान्येल नावाच्या शिक्षकानेही आपल्या वर्गात छापखाना घेतला आणि दोन्ही वर्गांत कागदांची ये-जा सुरू झाली. एका बाजूला डोंगर, ऑलिव्ह, संत्र्याची फुले. दुसऱ्या बाजूला भरती-ओहोटी, मासेमारीच्या होड्या, वारा. पुढे टपालाने कागदांबरोबर आपापल्या मुलखातल्या वस्तूही जाऊ लागल्या. डोंगरातल्या ज्या मुलाने समुद्रातल्या होडीवर पाय ठेवला नव्हता, त्याला आता होडीचा भाग न् भाग समजून घ्यायचा होता, कारण त्रेगंकच्या मुलांचा मजकूर त्यावाचून कळत नव्हता. भूगोल असा शिकवता येतो, हे सरकारी तपासनिसांच्या ध्यानात यायला बराच काळ लागला.

येथे माझे एक मत नोंदवून ठेवतो. फ्रेनेचा मोठेपणा छापखान्यात आहे असे लोक समजतात. मला वाटते तो टपालात आहे. वाट पाहणारा कोणी नसता, तर छापखाना महिन्याभरात खेळण्यासारखा बाजूला पडला असता, आणि आज कपाटांतून जे संगणक धूळ खात आहेत त्यांचे नेमके हेच झालेले आहे. ते चालत नाहीत म्हणून बंद नाहीत. त्यांच्यावर केलेल्या कामाची पलीकडे कोणी वाट पाहत नाही म्हणून बंद आहेत.

हे प्रयोग गाजू लागले तसे इतर शिक्षकही जमले. १९२७ साली तूर येथे शाळेत छापखाना चालवणाऱ्या शिक्षकांची पहिली परिषद भरली. छापखाना ज्यांना परवडत नव्हता त्यांनी आपल्या चर्चमधल्या जुन्या सायक्लोस्टाइलसारखी साधी हातयंत्रे घेतली. चित्रांसाठी लिनोलियमचे तुकडे कोरले. मुलांच्या मजकुरातून निवडलेले मासिक निघाले. १९३२ पासून मुलांनी व शिक्षकांनी मिळून केलेल्या माहितीच्या लहान पुस्तिका निघू लागल्या, त्या पुढे शेकड्यांनी झाल्या.

आता कडू भाग. फ्रेने साम्यवादी विचारांचा होता आणि धर्माधारित शिक्षणाचा कैवारी मुळीच नव्हता. आमच्या कित्येक वाचकांना हे रुचणार नाही. मलाही त्याची सगळी मते मान्य नाहीत. परंतु त्याच्यावर संकट आले ते प्रथम मतांमुळे नव्हे. १९२८ साली तो सँ-पॉल ह्या गावी बदलून गेला. तिथली शाळा गलिच्छ होती, शौचकूप धड नव्हते. मुलांच्या आरोग्याची हेळसांड होते म्हणून त्याने नगरपालिकेकडे तक्रारी केल्या आणि महापौरांशी त्याचे वाकडे आले. अशात एका मुलाने आपले स्वप्न लिहिले: मुले बंड करतात आणि महापौराला ठार मारतात. मजकूर वर्गाने निवडला, छापला गेला. १९३२ च्या डिसेंबरात गावाच्या भिंतींवर भित्तिपत्रके लागली. मुलांचे मजकूर त्यांत उतरवले होते आणि हा मास्तर तुमच्या लेकरांना काय शिकवतो ते पाहा, असा त्यांचा सूर होता. पॅरिसच्या वृत्तपत्रांपर्यंत गोष्ट गेली, शाळेपुढे जमाव जमला, आणि १९३३ साली सरकारने त्याची बदली केली. ती न स्वीकारता त्याने पत्नी एलीझसह जवळच्या व्हाँस गावाबाहेरच्या टेकडीवर स्वतःची शाळा बांधली. पुढे स्पेनच्या यादवी युद्धातून पळून आलेली मुले तिथे आश्रयाला होती. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली त्याला अटक करून छावणीत ठेवले. सुटल्यावर, युद्धानंतर, त्याने शाळा पुन्हा उभी केली आणि १९६६ साली तिथेच देह ठेवला. ती शाळा १९९१ साली फ्रेंच सरकारने विकत घेतली.

त्या स्वप्नाच्या मजकुरावर मी पुष्कळ विचार केला आहे. मूल स्वप्नात काय पाहील ह्यावर कोणाचा ताबा नाही. परंतु पाहिलेले सर्व छापून परगावी धाडावे काय? उद्या आपल्या गावच्या एखाद्या मुलीने लिहिले, की बाबा रात्री पिऊन येतात आणि आई रडते, तर बाईंनी काय करावे? मजकूर खरा असेल. लिहिल्याने त्या मुलीचे मन हलकेही होईल. पण घराची अब्रू वीस प्रतींत काढून वसईला पाठवणे हे शिक्षण नव्हे. माझ्या मते असा मजकूर बाईंनी जपून ठेवावा, मुलीला जवळ बसवून ऐकून घ्यावे, आणि गरज दिसल्यास त्या घरी जाऊन यावे. मात्र लिहिलेस कशाला, म्हणून तिला रागावू नये. एकदा रागावले की ते मूल पुढे वर्षभर 'गाय हा उपयुक्त प्राणी आहे' एवढेच लिहिते. मुलांना बोलू दिले की मोठ्यांना ऐकावे लागते, आणि ही किंमत संगणकाच्या किमतीहून जड आहे.

कोणी म्हणेल, ही सगळी धर्म न मानणाऱ्यांची थेरे. तसे नाही. इटलीत क्रेमोना प्रांतातल्या प्यादेना गावाजवळ व्हो नावाची वस्ती आहे. तेथे मारिओ लोदी हे प्राथमिक शिक्षक १९५६ पासून शिकवीत. फ्रेनेची पद्धत त्यांनी उचलली होती. वर्गाच्या खिडकीतून मुले समोरच्या छपरावरच्या चिमण्या पाहत. मास्तरांनी त्यांना खिडकीपासून हाकलले नाही. त्या पाहण्यातून मुलांनी आणि मास्तरांनी मिळून एका चिमणीच्या पिल्लाची कथा रचली. 'चिपी' ह्या नावाने ती १९६१ साली पुस्तकरूपाने आली, आणि इटलीतल्या कित्येक पिढ्या ती वाचत वाढल्या. १९६३ च्या उन्हाळ्यात हेच लोदी तस्कनीच्या डोंगरात बार्ब्याना नावाच्या धर्मग्रामात एका धर्मगुरूंना भेटायला गेले.

ते धर्मगुरू म्हणजे फादर लोरेन्झो मिलानी. वरिष्ठांना त्यांची स्पष्टोक्ती जड जाऊ लागली, तेव्हा १९५४ च्या डिसेंबरात त्यांना ह्या आडगावी धाडले होते. धड रस्ता नाही, वीज नाही, लोकवस्ती पाच-पन्नास. जिथे दुसरा एखादा मन मारून दिवस मोजता, तिथे ह्या धर्मगुरूंनी आपल्या घरातच शाळा काढली. मेंढपाळांची आणि शेतमजुरांची मुले, इतर शाळांतून नापास होऊन घरी बसलेली, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तिथे शिकत, रविवारीसुद्धा. मेजे आणि बाकडी मुलांनी स्वतः केली. डोंगरातल्या पोरांना पाण्याची भीती वाटते म्हणून त्यांनी अंगणाजवळ एक लहानसा पोहण्याचा हौद बांधला, आणि तो आजही तिथे पाहायला मिळतो. भिंतीवर 'मला पर्वा आहे' ह्या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते.

लोदींनी सुचवले की प्यादेनाची मुले आणि बार्ब्यानाची मुले ह्यांनी एकमेकांना पत्रे लिहावीत. पत्र कोणा एकाने न लिहिता सर्वांनी मिळून लिहायचे. १ नोव्हेंबर १९६३ ह्या तारखेचे बार्ब्यानाच्या मुलांचे पत्र उपलब्ध आहे. ते लिहिता लिहिता त्यांना एक रीत सापडली, आणि तिला कोणतेच यंत्र लागत नाही. प्रत्येकाने सुचेल ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायचे, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, तीही एकाच बाजूला. सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या मेजावर पसरायच्या. एकसारख्या असतील त्या काढून टाकायच्या. उरलेल्यांचे ढीग करायचे, ढिगांचा क्रम लावायचा, आणि मग एकेक शब्द उचलून विचारायचे: हा काढला तर काही बिघडते काय? ह्याच रीतीने आठ मुलांनी पुढे एक पुस्तक लिहिले. गरिबांची मुले शाळेतून कशी गळतात ते आकड्यांनिशी सांगणारे, एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले ते पत्र १९६७ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले आणि इटलीच्या शाळांत खळबळ उडाली. फादर मिलानी त्याच वर्षी २६ जूनला, वयाच्या ४४ व्या वर्षी वारले. पन्नास वर्षांनी, २० जून २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस त्या डोंगरावर जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना करून आले.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांचे नाव वाचकांनी ऐकले असेलच. जिल्हा परिषदेच्या त्या लहान शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. मोबाइल त्यासमोर धरला की त्या धड्याची कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतच तसे कोड छापले जाऊ लागले. २०२० साली त्यांना १० लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. अशी माणसे आपल्या मातीत आहेत, ह्याचा आनंद आहे. पण त्या कोडांचे अनुकरण करणाऱ्या पुष्कळ शाळांनी अर्धेच काम उचलले. बाहेरचे आत यायची वाट झाली; आतले बाहेर जायची झाली नाही. मूल मोबाइल धरते, पाहते, पुसते. बार-स्युर-लूच्या फळ्याची संध्याकाळ आणि ही संध्याकाळ सारखीच.

हे सगळे मी त्या सभेत इतक्या तपशिलाने सांगितले नाही. पावसाने कौलांवर असा धडाका लावला होता की अर्धे कोणाला ऐकूही गेले नसेल. परंतु बाईंनी एक प्रश्न विचारला, तो कामाचा होता. "छापखाना मुलांच्या हातून मोडला तर फ्रेनेला कोण भरून देत असे?" मी म्हणालो, ठाऊक नाही; पण तुमच्या संगणकाचे इथेच ठरवता येईल. मग बराच ऊहापोह झाला. शेवटी पालकांनी कागदावर लिहून दिले, की काही मोडल्यास खर्च सर्व घरांनी सारखा सोसायचा, आणि मुलाला कोणी मारायचे नाही. ज्या गृहस्थांनी शहरच्या शाळेचा विषय काढला होता त्यांनीही सही केली. मात्र मुलाविषयीचा आपला बेत सोडला असे काही ते म्हणाले नाहीत. कपाटाची किल्ली दर आठवड्याला दोन मुलांकडे राहील आणि तिची नोंद वहीत होईल, असे बाईंनीच सुचवले. कोणाला पत्र लिहायचे, ह्याचा शोध फादरांनी घेतला. त्यांचे एक सहाध्यायी वसईकडे एका धर्मग्रामात आहेत, तिथली शाळाही मराठी.

नाताळच्या सुमारास बाईंचे पत्र आणि सोबत एक छापील कागद आला. खानापूरची माती कौलांसाठी प्रसिद्ध आहे. सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या आजी तरुणपणी कौलांच्या भट्टीवर कामाला जात. मुलांनी त्यांच्या घरी जाऊन दोन दिवस त्यांना बोलते केले. माती कशी मळायची, कौल उन्हात किती ठेवायचे आणि सावलीत किती, भट्टीतून काढल्यावर चांगले कौल आवाजावरून कसे ओळखायचे, हे सगळे त्यांनी चिठ्ठ्यांवर उतरवून घेतले. चिठ्ठ्यांचे ढीग केले. मग दोन दोन मुलांनी आळीपाळीने संगणकावर एका बोटाने अक्षरे जुळवली. त्यात तीन आठवडे गेले, कारण मध्येच चार दिवस वीज नव्हती. वीस प्रती फादरांच्या कचेरीतल्या यंत्रावर निघाल्या. कागदाच्या शेवटी वसईच्या मुलांना दोन प्रश्न विचारले आहेत: तुमच्या घरावर काय असते, आणि पाऊस पडताना त्याचा आवाज कसा येतो?

त्या तिसरीतल्या मुलाचा दाखला त्याच्या वडिलांनी अजून मागितलेला नाही, असे बाई लिहितात. मागणार नाहीत, असे मात्र त्यांनी लिहिलेले नाही.

छापून झाल्यावर मुलांच्या ध्यानात आले की मथळ्यात 'कौल'च्या जागी 'कोल' पडले आहे. बाई पुन्हा छापून आणायला निघाल्या होत्या. मुलांनी नको म्हटले. कागद वाया जातो, फादरांची शाई संपते. त्यांनी वीसही प्रती जमिनीवर मांडल्या आणि प्रत्येकीवर पेनाने एकेक मात्रा दिली. माझ्यापुढच्या प्रतीत सगळी अक्षरे काळी आहेत आणि तेवढी एक मात्रा निळी. वसईचे उत्तर यायचे आहे.